पन्नासचे ऐंशी झाले

माझी बाटली त्यानं चुकून उचलली, तिथूनच सगळं बिनसलं.

सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचं पाणी कोकम सरबतासारखं लाल दिसतं. माझंही लाल, त्याचंही लाल. आमच्या प्रयोगशाळेत कणांचा आकार मोजायचं यंत्र एकच. दहाची वेळ त्याची, अकराची माझी; बाटल्या मात्र यंत्राजवळ शेजारीशेजारी ठेवलेल्या. मी पोचले, तर दारात एक उंच मुलगा कपाळाला आठ्या घालून उभा.

"ही बाटली तुमची हाय का? चुकून मोजली की... मी मल्लेश, मंगळवेढ्याच्या कॉलेजात शिकवतो."

तो ओशाळून हसला. गालाला खळी पडली. मी मुद्दाम यंत्राकडे पाहिलं.

"पर ऐंशी नॅनोमीटर दाखवतंय."

"पन्नासचे आहेत ते. मी स्वतः मोजलेत."

"कशात?"

"शुद्ध पाण्यात."

"आणि ह्या बाटलीत?"

बाटलीत होता पेशी वाढवायचा द्रव. त्यातली प्रथिनं कणांना चिकटतात, थर चढतो, कण मोठा होतो. सहा महिने मी कण मोजले पाण्यात आणि पेशींना दिले या द्रवात. 'पन्नासचे कण पेशीत सर्वांत जास्त शिरतात', हा निष्कर्ष उद्या माझ्या मार्गदर्शक मॅडमपुढे मांडायचा होता.

दुपारपर्यंत आम्ही बाकीचे आकारही त्या द्रवात मोजले. सगळेच वाढलेले. मग बाहेर पायरीवर बसून त्याच्या डब्यातली कडक भाकरी खाल्ली. म्हणजे त्यानं खाल्ली... मी नुसते तुकडे मोडत बसले.

"मला तुमचा राग आलाय."

"येऊ द्या की. मी बोललो नसतो, तर कुणाला कळलं नसतं."

"म्हणूनच जास्त आलाय."

"लई घाबरताय, महेश्वरी."

माझं नाव? बाटलीच्या चिठ्ठीवर वाचलं म्हणे. हेच आधी वाचलं असतं तर!

दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सगळे प्रयोग पुन्हा. तीन महिने तरी जातील." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाहेर आले तर मल्लेश उभा. आज त्याचं इथलं काम संपणार होतं.

"दर गुरुवारी येऊ का?" त्यानं हळूच विचारलं. "मोजायला."

"मोजायला एकच माणूस लागतो."

"ठाऊक हाय."

काल मॅडमचं भय होतं, आता याचं. नाही म्हणाला तर? हसला तर? तरी बोलले.

"मोजायला नको येऊस. मला तू आवडतोस... म्हणून ये."

तो म्हणाला, "गुरुवारपत्तोर कसं थांबायचं गं?"