ओवीचा क्षेमांक

सुहासिनी मगदूम गल्लीत शिरली तेव्हा 'तीव्र धोक्यात' असलेली मुलगी एका कोंबडीच्या मागे धावत होती. कोंबडी दमली होती, मुलगी नव्हती. गाल टच्च, तेल लावून घातलेल्या दोन शेंड्या आणि तोंडाची अखंड बडबड. सुहासिनीने फोनवरची सूचना पुन्हा वाचली. ओवी कोष्टी, वय तीन, क्षेमांक अकरा, रंग लाल. मुलीला हलवायला बालसंरक्षणाची गाडी निघाली आहे, त्याआधी क्षेमसेविकेने घरी जाऊन खातरजमा करावी.

"ए ओवी, इकडं ये बघू. हात दाखव."

ओवीने दोन्ही हात पुढे केले. दोन्ही मातीने माखलेले होते आणि दोन्ही मोकळे. कडं कुठेच नव्हतं.

इचलकरंजीच्या त्या भागात मागांचा खडखडाट अजून होता, पण मागावर माणूस उरला नव्हता. धागा तुटला तर माग तो आपला आपण जोडून घ्यायचे. घरातल्या पुरुषांनी मग कुणी हुबळीला, कुणी पुण्याला गोदामातलं काम धरलं होतं. त्याच सुमारास बालक्षेम योजना आली. सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या मनगटावर एक मऊ, मुलाबरोबर वाढत जाणारं कडं. घामात उतरणारा ताणरस, नाडीची लय आणि झोपेची खोली यांवरून ते मुलाचा क्षेमांक काढायचं, म्हणजे मूल शंभरात किती सुखात आहे तो आकडा. आकडा चाळीसच्या खाली गेला की कडं लाल व्हायचं आणि त्याच संध्याकाळी आईच्या खात्यात आधाररक्कम जमा. अर्ज नाही, दाखला नाही, साहेबाच्या दारात ताटकळणं नाही.

सुहासिनीचा या कड्यावर मोठा जीव होता. मागच्या गल्लीतल्या एका घरचा कर्ता माणूस अपघातात गेला, तेव्हा नातेवाईक पोचायच्या आधी पैसे पोचलेले तिने पाहिले होते. तेव्हापासून कुणी कड्याला नावं ठेवली की ती पदर खोचून भांडायला उभी राहायची.

ओवीची आई कोमल दारातच उभी होती. बाई जेमतेम पंचविशीची, पण कुडता तिच्या अंगावर टांगल्यासारखा लोंबत होता. ओढणी तिने उजव्या हाताभोवती घट्ट गुंडाळून घेतली होती.

"या की ताई. च्या टाकते."

"चहा राहू दे. पोरीचं कडं कुठाय?"

"आंघोळीला काढलंय. वाळत ठेवलंय."

"वाळत ठेवलेल्या कड्याची नाडी लागती होय गं?" सुहासिनीने फोन तिच्यापुढे धरला. "ही बघ. झोपेत साठ. एवढ्याशा पोरीची नाडी झोपेतसुद्धा यापेक्षा कितीतरी जास्त असती. यंत्राला वाटलं, पोरगी खचत चाललीय. मला वाटलं, हे मनगट पोरीचं नव्हंच."

कोमलने मान खाली घातली आणि ओढणी सोडली. ओवीचं लाल झालेलं कडं तिच्या मनगटात होतं. मुलांसाठी बनवलेलं कडं त्या मनगटात न ताणता बसत होतं, यातच काय ते आलं.

"ओवीचा आकडा कायम सत्तरच्या वर," कोमल हळूहळू सांगायला लागली. "ऑफिसात गेले, तर म्हणाले, मूल सुखात आहे, रक्कम कशाची? आता सुखात असणारच की, ताई. आधी तिला जेवू घालते, मग उरलं तर मी. हिच्या बापाचं काम गेलंय, हे अजून हिच्या कानावर पडू दिलं न्हाई. शेजारीण म्हणाली, एक दिवस उपाशी ठेव, कोंडून घाल, लाल होतंय बघ. ते पण करून बघितलं. आतल्या खोलीत ठेवली न् दार ओढून घेतलं. ती आतनं आई आई करून दार बडवतीया आणि मी हितं फोनवर आकडा बघत बसलीया. तो उतरायला लागला तसं..."

सुहासिनीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"चाळीस व्हायच्या आत दार उघडलं. म्हटलं, जळो तो पैसा. मग वाटलं, तिला रडवण्यापेक्षा कडं आपणच घालावं."

"आणि घातल्या घातल्या लाल झालं."

"त्याच दिवशी. दूध आणलं, ज्वारी आणली, मी पण दोन वेळा जेवले. म्हटलं, माझा आकडा वर आला की काढायचं आणि पोरीला घालायचं. पण तो वर यायच्याऐवजी खालीच चाललाय."

"का गं? जेवायला लागलीस ना?"

"तुम्ही याल, याची भीती."

चोरी पकडायला आलेल्या माणसाला राग यायला हवा. सुहासिनीने मात्र कोमलच्या मनगटातलं कडं हलकेच काढून घेतलं.

तिने ते कडं ओवीच्या मनगटात घातलं. थोड्याच वेळात लाल जाऊन पिवळा आला, मग हिरवागार. क्षेमांक अठ्ठ्याहत्तर. ओवीने कोंबडीलाही कडं हवं म्हणून हट्ट धरला. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी येऊन थांबली. कोमलने मुलीला उचलून पोटाशी धरलं आणि आकडा तिथल्या तिथे घसरायला लागला.

सुहासिनीने फोन लावला. जिल्हा योजना अधिकारी पाटसकर वयाने तिच्यापेक्षा लहान, माणूस सरळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मगदूम ताई, तुमच्यासमोर दोनच पर्याय आहेत. 'मूल धोक्यात' म्हटलंत तर गाडी मुलीला घेऊन जाणार. 'कड्याचा गैरवापर' म्हटलंत तर मुलगी आईपाशी राहील. दुसरा निवडा."

"आणि मग रक्कम?"

"मुलगी सहाची होईपर्यंत बंद. दिलेली परत घ्यावी लागेल."

"म्हणजे पोरीला हिरवं ठेवलं म्हणून आईला दंड? साहेब, ही बाई उपाशी राहिली म्हणून पोरगी अठ्ठ्याहत्तर आहे. उद्या हिनं अंथरूण धरलं तर तुमचं कडं लाल होईल, पण तोवर उशीर झालेला असेल."

"मला पटतंय हो. पण योजना मुलांची आहे. आईचा क्षेमांक मोजायची सोय त्यात नाही. एका केससाठी मी राज्याचा नियम कसा बदलू? अशा घरांचा माझ्याकडे एक तरी पुरावा आहे का? तुमची ती अख्खी गल्ली माझ्या नकाशावर हिरवी आहे."

सुहासिनीने मान वर केली. गाडी पाहून दारोदारी बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. एरवी तिने त्यांच्या लेकरांची मनगटं पाहिली होती. आज पहिल्यांदाच तिने त्यांचे चेहरे नीट पाहिले आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिच्या पिशवीत नव्या बाळांच्या नोंदणीसाठी आणलेली कोरी कडी होती. नोकरी जाईल, हे तिला स्पष्ट दिसत होतं. तिने पिशवी ओट्यावर उपडी केली.

"साहेब, फोन ठेवू नका. बायांनो, इकडं या. हात पुढं करा."

बायका आधी बिचकल्या. कोमल सगळ्यांत पुढे झाली, मग एकेक जण आली. ती मऊ कडी ताणून मनगटात चढवताना हसणं-खिदळणं सुरू झालं.

"माझा बावीस आला गं."

"शाळेतपण तेवढेच पडायचे की तुला!"

"सुनंदाचा बघा, हिरवा! कसा काय?"

"कालच माहेराहून आलीया ती. चार दिवसांनी बघ."

दोघींचं कडं पिवळं झालं, सुनंदाचं हिरवं. बाकी सगळ्या लाल. लाल रंग वाढत गेला तसं हसणं कमी होत गेलं. बावीसवाली आपल्या मनगटाकडे बघत राहिली आणि तिने हळूच डोळे पुसले. तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं, तिनेही कधी सांगितलं नव्हतं.

फोनमधून पाटसकरांचा आवाज आला. या वेळी तो घाबरा होता.

"ताई, हे काय चाललंय? तुमच्या गल्लीत एकदम अकरा नवीन मुलं लाल दिसायला लागली. यंत्र सगळ्यांना तातडीने हलवा म्हणतंय. कुणाची मुलं आहेत ही?"

"मुलं न्हाईत, साहेब," सुहासिनी म्हणाली. "या त्यांच्या आया आहेत. गाडी दारात उभीच आहे. सांगा, यांना कुठं हलवू?"