उपरण्याखालचा सौदा

तुम्ही घर विकायला काढलंय म्हणून सांगते, एरवी ही गोष्ट मी कुणाजवळ काढत नाही. लाइट काही इतक्यात येत नाही. तो दिवा जरा पुढं घ्या, म्हणजे माझा चेहरा दिसेल आणि मी थट्टा करत नाहीये एवढं तरी तुम्हाला पटेल.

गेल्या फाल्गुनातला रविवार होता. मी हिंगोलीहून दुपारच्या एसटीनं औंढ्याला निघाले. पर्समध्ये आईच्या घराची किल्ली, घराचे कागद आणि कुलूप उघडलं नाही तर म्हणून खोबरेल तेलाची छोटी बाटली. आईचं घर म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं न्हाणी आणि पत्र्याचं छप्पर. पण देवळापासून पाच मिनिटांवर, त्यामुळे जागेला मोल आलं होतं.

आईचं नाव वासंती. फुलवाती वळून ती देवळापुढच्या दुकानांना द्यायची, त्यावरच तिनं मला शिकवलं. बोटाला राखेचा हात लावून ती वात वळायची, म्हणून तिच्या बोटांची टोकं कायम करडी आणि कोरडी असत. आणि भाव करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. भाजीवाल्या तिला लांबून येताना बघून कपाळावर हात मारायच्या, आणि दोन दिवस ती आली नाही तर चौकशीही करायच्या. मी बरोब्बर उलटी. समोरचा सांगेल तो भाव देऊन मोकळी होणारी. "अनुश्री, तुला मागता येत नाही गं," आई म्हणायची. "माझ्यामागं तुझं कसं व्हायचं?"

कार्तिकात ती गेली. नांदेडच्या दवाखान्यात अकरा दिवस मी तिचा हात धरून बसले होते. बाराव्या दिवशी एका कागदावर सही करायला खाली गेले. दहा मिनिटं लागली असतील. वर आले तेव्हा सगळं झालेलं होतं. ती दहा मिनिटं मला अजून झोपू देत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर सहा वर्षांत मी आणि माझी लेक गुंजन, आम्ही पाच भाड्याची घरं बदलली. पाचव्या घरमालकानंही जागा सोडायला सांगितली तेव्हा गुंजननं आपली पुस्तकं खोक्यात भरायला घेतली. बारा वर्षांच्या पोरीला खोकी कशी भरायची ते पाठ झालं होतं. हिंगोलीत एक लहानसा फ्लॅट बघून ठेवला होता. त्याला आणखी एकवीस लाख लागत होते. आईचं घर एकवीसला गेलं तर आम्हाला कायमचं छप्पर, नाही तर सहावं भाड्याचं घर. इतका साधा हिशोब होता.

दलाल होता रामकिशन, डोंगरकडा गावचा. पासष्टीचा, पांढरं धोतर, खांद्यावर पिवळसर उपरणं. पूर्वी तो बैलबाजारात दलाली करायचा. ट्रॅक्टर आले, बैल गेले, तसा तो प्लॉट आणि घरांकडे वळला. पण भाव करायची जुनी रीत त्यानं सोडली नव्हती. उजव्या हाताची दोन बोटं तरुणपणी कडबा कापायच्या यंत्रात गेलेली. उरलेल्या तीन बोटांनी तो चहाचा कप मोठ्या झोकात धरायचा.

घेणारा होता उत्तमसिंग, हिंगोलीचा लोखंडाचा व्यापारी. यात्रेकरूंसाठी खोल्या बांधायच्या म्हणून त्याला जागा हवी होती. माणूस सभ्य होता, पण पैशाच्या बाबतीत पक्का.

आम्ही पडवीत सतरंजीवर बसलो. मधे रामकिशन, त्याच्या डाव्या हाताला उत्तमसिंग, उजव्या हाताला मी. रामकिशननं उपरणं दोन्ही मांड्यांवर पसरलं आणि दोन्ही हात खाली घातले.

"बाई, आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत न्हाईत," तो म्हणाला. "बोललं की इज्जतीचा सवाल होतोय, मग माणूस मागं सरत न्हाई. तुमी हात उपरण्याखाली द्या. पंधरा धरून चालायचं. वर जितकी बोटं, तितके लाख. पाचाच्या वर असलं तर पंजा द्यायचा अन् पुन्हा बोट. हात सपाट ठिवला तर नामंजूर. मूठ मिटली की सौदा पक्का. बराबर?"

मला हसू आलं. पण तोंडानं मागावं लागणार नाही, हे बरंच वाटलं. मी डावा हात आत घातला. खाली त्याचा तीन बोटांचा खरखरीत हात होता. बाहेर ऊन उतरलं होतं, चार वाजले असतील. देवळाकडून नगाऱ्याचा आवाज येत होता आणि बंद घराला येतो तसा कोंदट वास पडवीत होता.

रामकिशननं माझी दोन बोटं दाबली. सतरा.

मी पंजा आणि एक बोट द्यायला हवं होतं. ठरवूनही आले होते. पण कशी कोण जाणे, लाज वाटली, आणि मी चारच दिली. तो डावीकडं वळला, उपरणं तिकडं जरा हललं. मग माझी तीन बोटं दाबली गेली. अठरा. उत्तमसिंगनं मोठा उसासा टाकला. मला वाटलं, जाऊ दे. तीन लाख पतपेढीतून काढू, फेडत बसू. मी मूठ मिटायला लागले.

तेवढ्यात माझ्या मनगटावरून एक हात पुढं सरकला.

मी आधी रामकिशनकडं पाहिलं. तो समोरच्या भिंतीकडं बघत होता, आणि त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं अजून माझ्या बोटांवर तशीच होती. त्याचा डावा हात पलीकडं उत्तमसिंगच्या हातात. उत्तमसिंगच्या दुसऱ्या हातात मोबाइल. आणि माझ्या मनगटावर आलेल्या हाताला पाच बोटं होती... मी मोजली.

ती बोटं लहान होती. हाडकुळी. टोकं कोरडी, राखेनं चोळल्यासारखी. त्यांनी माझी मिटत आलेली मूठ एकेक बोट करून उघडली. लहानपणी मी हातात माती लपवायचे तेव्हा अशीच उघडली जायची.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. हात बाहेर ओढावा असं वाटलं, आणि त्याच वेळी काही झालं तरी ओढू नये असंही वाटलं. त्या हातानं माझा पंजा उचलून रामकिशनच्या हातात दिला. काढून घेतला. मग माझं एकच बोट पुढं केलं.

एकवीस.

रामकिशनची मान किंचित हलली. "बाई... एकदम?"

मी उपरण्याकडं बघत राहिले.

"क्या हुआ, रामकिशनजी?" उत्तमसिंगनं विचारलं.

"काही न्हाई, मालक. बाई जाग्या झाल्या."

माझी चार बोटं दाबली गेली, एकोणीस. त्या हातानं माझा तळवा सपाट केला. अख्खा पंजा दाबला गेला, वीस. पुन्हा सपाट. मग रामकिशन थांबला, आणि त्या हातानं माझा हात मागं ओढला. उपरण्याच्या बाहेर नाही, अर्धवटच. भाजीच्या पाटीपुढून पिशवी उचलून दोन पावलं मागं फिरायची आईची सवय होती, आणि तिसऱ्या पावलाला भाजीवाली हाक मारायचीच. मला त्या भीतीतही हसू आलं आणि डोळे भरून आले.

"थांबा, बाई," रामकिशन घाईनं म्हणाला. "काहून हात काढून राहिले? बसा." तो डावीकडं झुकला. उपरणं बराच वेळ हलत राहिलं. मग माझा पंजा दाबला गेला, आणि त्यामागून एक बोट.

एकवीस. मला हवे होते तेवढेच.

त्या हातानं माझी मूठ मिटायला घेतली, आणि मी ती मिटू दिली नाही.

इथं तुम्ही मला वेडी म्हणाल. म्हणा. पण मूठ मिटली की सौदा पक्का, सौदा पक्का झाला की उपरणं उचललं जाणार, आणि मग हा हात... त्या दिवशी मी दहा मिनिटांसाठी सोडला होता. आता परत सापडला होता. मी तळवा सपाट ठेवला. नामंजूर.

रामकिशननं माझ्याकडं वळून पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता. "बाई, जास्त ताणू नका."

अर्धं बोट दाबलं गेलं. साडेएकवीस. मी सपाटच ठेवला. त्या कोरड्या बोटांतून माझी बोटं गुंफून मी घट्ट धरून बसले. गुंजनची खोकी, फ्लॅट, काहीही मला आठवत नव्हतं.

उत्तमसिंग उठून उभा राहिला. "अब नहीं होगा, ताई. माझ्याकडून शेवटचं झालं." त्यानं चप्पल पायात सरकवली.

सौदा मोडत होता. मला ते दिसत होतं, आणि मी तळवा हलवत नव्हते.

तेव्हा त्या हातानं माझ्या हातावर थोपटलं. हळू, दोनदा. नंतर माझी बोटं सोडवली. ती सोडवून घेण्यात जोर नव्हता, पण मला अडवता आलं नाही. करंगळीपासून एकेक बोट मिटवलं, शेवटी अंगठा वरून घातला. माझी सगळी मूठ क्षणभर त्या तळव्यात राहिली. आणि मग मूठ नुसती माझी होती.

"मालक, बसा," रामकिशन म्हणाला. "मंजूर हाय. साडेएकवीस."

मी रडत होते. उत्तमसिंग अवघडून म्हणाला, आईबापाचं घर विकताना सगळ्यांनाच रडू येतं. इसाराचे पैसे त्यानं देवळाच्या दिशेनं हात जोडून माझ्या हातात ठेवले आणि तो निघून गेला.

रामकिशन बसूनच होता. मी विचारलं, "काका, तुम्हाला काही कळलं का?"

"चाळीस साल झाले उपरण्याखाली हात घालून," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आत काय झालं ते वर इच्यारायचं न्हाई, बाई." तो उठला. उपरण्याच्या आतल्या बाजूला करडे डाग होते. त्यानं ते झटकलं नाही. घडी घालून खिडकीत ठेवलं. "हे आता माझ्या कामाचं न्हाई," म्हणाला, आणि उघड्या खांद्यानं निघून गेला.

फ्लॅट झाला. वैशाखात आम्ही राहायला गेलो. शेवटची भांडीकुंडी भाड्याच्या घरातून चालतच आणली. मोठा रस्ता ओलांडायचा होता, संध्याकाळची वेळ, ट्रक आणि ऑटोंची गर्दी. गुंजन माझ्या डावीकडून चालत होती.

"आई, सोड ना," ती रागावून म्हणाली. "मी काय लहान आहे का हात धरायला? आणि किती जोरात धरतेस."

माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या.

मी थांबले नाही. मागं वळूनही पाहिलं नाही. एवढंच म्हटलं, "राहू दे, बाळा. रस्ता ओलांडेपर्यंत राहू दे."

आम्ही पलीकडं गेलो. मी पिशव्या खाली ठेवल्या, घाम पुसला. गुंजन पुढं चालायला लागली होती, रिकाम्या फुटपाथवरून, एकटीच. तिचा उजवा हात मात्र अजून तसाच होता, थोडा वर उचललेला.