जिथं पडला असशील तिथून ये

मुकुंदवाडीत लाइट गेली तशी गच्चीवरची नातवंडं आप्पासाहेबांच्या खाटेजवळ सरकली. खाली गल्लीत होळीचे निखारे अजून धगधगत होते. धाकट्यानं विचारलं, "आजोबा, उद्या शेजारी वीर नाचवणारेत. आपल्याकडं का नाही?"

आप्पासाहेब तंबाखू मळत होते. "आपल्याकडं कधीच नव्हता. माझ्या चुलतबहिणीच्या सासरी होता. आशाच्या. पडेगावला."

"मग?"

"मग बंद केला." त्यांनी चिमूट दाढेखाली धरली. "कुणाला पाण्याला जायचं असंल तर आत्ताच जाऊन या. मधे उठायचं नाही."

कुणी गेलं नाही.

एकोणीसशे एकोणनव्वदची होळी. त्या दुपारी आशा घरातून निघाली ती गुलमंडीच्या बाजारातून साखरेच्या गाठी आणते, असं सांगून. गाठी, तांबडं कापड आणि एक नारळ. खोटं नव्हतं, पिशवीत तिन्ही वस्तू होत्या. फक्त परतताना ती वाटेत छावणीच्या वस्तीत उतरली, हे तिनं घरी सांगितलं नव्हतं.

तिचा सोपान तेव्हा सहा वर्षांचा. त्या साली घरातला वीर पहिल्यांदा त्याच्या हाती जायचा होता. वीर म्हणजे लढाईत पडलेला पूर्वज. त्याचा चांदीचा टाक देवघरात असतो, बोटभर पत्र्यावर उठवलेला घोडेस्वार. धुळवडीच्या रात्री घरातल्या पोराला फेटा बांधायचा, एका हातात तलवार द्यायची, दुसऱ्या हातात तांबड्या कापडात बांधलेला टाक. पोराची आई ओवाळते आणि वीराला हाक मारते. हलगी वाजते. वीर पोराच्या अंगात येतो, नाचतो. मग त्याला न्हाऊ घालून पुन्हा देवघरात बसवायचं.

आशाच्या सासरचा वीर म्हणजे सांडू. मराठा पलटणीत शिपाई होता, मोठ्या लढाईत इटलीत गोळी लागून पडला. तिच्या सासऱ्यांचा, कडूबांचा, थोरला भाऊ. तो गेल्याची खबर आली तेव्हा त्याच्या बायकोचा, मनकर्णाचा, धाकट्या दिराशी पाट लावला. म्हणजे आशाची सासू ती हीच मनकर्णाबाई. यात लपवलेलं काही नव्हतं. शेत एकाचं झालं, चूल एक झाली, गाव विसरून गेलं.

आशा शाळेत मास्तरीण. चुकीचं उत्तर दिसलं की तिचा हात आपोआप तांबड्या शाईकडं जायचा. लेकराच्या अंगात आपण ज्याला बोलावणार तो माणूस कोण होता, एवढं तरी कळावं, असं तिच्या डोक्यात बसलं. तिच्या नवऱ्याला, बद्रीनाथला, लहानपणी वीर नाचवल्यावर तीन दिवस ताप भरला होता. ती स्वतःलाच म्हणायची, बाई, पोराला बर्फाचा गोळा देताना तू दहादा त्याचं कपाळ चाचपतेस, आणि मेलेला माणूस मात्र न विचारता देणार?

सासऱ्यांना विचारून झालं होतं. "मामंजी, पलटण कितवी होती? कोणत्या गावाला पडले ते?"

"का गं, स्थळ बघायलीस का त्याच्यासाठी?" कडूबा म्हणाले होते. पासष्टीचा माणूस, पण उधळलेलं वासरू अजून एका हातानं धरणारा. "वीर झाला. झालं."

म्हणून ती महिनाभर माजी सैनिकांची दारं हिंडली. त्यातल्या एकानं नाव सांगितलं, फकिरा हवालदार. छावणीत एका खोलीबाहेर तो उन्हाला बसला होता. सत्तरी ओलांडलेली, एक पाय आखडलेला.

"सांडू? पडेगावचा?" म्हातारा खुलला. "अगं पोरी, मी जित्ता हाय तो त्याच्यामुळं."

मग त्यानं सांगितलं. इटलीत डोंगरावर एका दगडी घरात दोघं अडकले. फकिराची मांडी फाटलेली. गोळ्या संपलेल्या. "सांडू दारात उभा राहिला. माझ्याकडं पाठ, भाईर तोंड. हातात नुसती संगीन लावलेली बंदूक. पहिला आला त्याच्या पोटात घातली. निघंना, तर छातीवर बूट देऊन उपसली. दुसऱ्याच्या गळ्यात. तिसऱ्याचं डोकं चौकटीवर आपटलं, नारळावानी. मग ह्याच्या खांद्यात गोळी शिरली. तरी दार सोडलं नाय. उजाडलं तवा त्याचे नाल ठोकलेले बूट फरशीला चिकटले होते. रक्तानं."

"आणि तिथंच ते पडले," आशा म्हणाली.

"कोण पडलं?"

"सांडू... सांडूबाबा."

फकिरानं डोळे बारीक केले. "बरा झाला की तो. गोळी लागल्याची तार घरी गेली आसंल, त्यांनी मेला समजला आसंल. पुढं बी आम्ही पलटणीतच व्हतो, दूर; लिहायला येत नव्हतं, सुट्टी मिळाली नाय. निजाम पडला, त्या पोलीस ॲक्शननंतर पंधरवड्यात सुटून आलो, दोघं. रात्रीचं दौलताबादला उतरलो. त्या दिसांत टांगा कुठला? चालत आलो. पडेगावच्या फाट्यावर तो वळला, डोक्यावर ट्रंक घेऊन. म्हनला, बायकोला रेशमी कापड आणलंय. कडू तर मला बघून येडाच व्हईल."

"मग?"

"मग काय. तो त्याच्या घरी, मी माझ्या." म्हाताऱ्यानं आखडलेला पाय हातानं सावरला. "मागून कळलं, त्याला वीर म्हणून नाचवतेत. वाटलं, नंतर कुठं लढाईला गेला आसंल. माझं बी घर जळालं व्हतं, पोरी. कोण कुणाला पुसतो."

रात्री तिनं बद्रीनाथला सांगितलं. तो दाढी करत होता, वस्तरा थांबला नाही. "म्हाताऱ्याला भ्रम झाला असंल. आणि उद्या कार्यक्रम. बापापुढं यातला एक शब्द काढू नको."

तिनं अंथरूण टाकलं. पण झोप येईना म्हणून मागच्या दारात उभी राहिली. मागं जुनी विहीर होती. पोलीस ॲक्शनच्या साली कुणीतरी तिच्यात मढी टाकली, पाणी बाटलं, म्हणून कडूबांनी ती दगडी फरश्या टाकून बंद केलेली. फरश्यांवर बाभळीच्या काट्यांचा ढीग. चाळीस वर्षांत फरश्या हलल्या नव्हत्या. काटे मात्र ओले होते. हिरवे. दर साली कुणीतरी नवे टाकत होतं.

दुसऱ्या दिवशी धुळवड. रात्रीचे साडेआठ. अंगणात होळीची राख, त्यावर संध्याकाळी पाणी मारलेलं. भावकी जमली. सोपानला फेटा बांधला, गळ्यात गाठी घातल्या, पायात घुंगरू. त्यानं तलवार उचलली, ती त्याला जड. "आई, मी नाचायला चुकलो तर?"

"वीर काय मार्क देणारे का?" आशा म्हणाली.

तिनं ओवाळलं. आता हाक मारायची. त्या घरची हाक ठरलेली होती. कडूबांनीच बांधून दिलेली. इटलीच्या रणातून ये, सांडू वीरा, लेकराच्या अंगी ये, न्हाऊन घे, जेवून जा.

तिनं तोंड उघडलं आणि शब्द अडकले. इटलीतून? तो तर इटलीतून आला होता. मग कुठून? हे तिला ठाऊक नव्हतं. चुकीचं नाव तोंडातून निघेना. सगळे बघत होते. शेवटी तिनं मास्तरणीनं करावं तेच केलं. चुकणारच नाही असं उत्तर दिलं.

"जिथं पडला असशील तिथून ये, सांडू वीरा."

कडूबांची मान झटकन वळली.

"लेकराच्या अंगी ये..."

हलगी वाजली. सोपान नाचायला लागला, दोन पावलं पुढं, एक मागं, शिकवल्यासारखा. घुंगरू छुमछुमत होते. बायका हसल्या.

मग घरामागून आवाज आला. काटे मोडल्याचा.

हलगी चालूच होती. सोपान नाचता नाचता थांबला. एकदम. घुंगरू गप्प. हलगीवाल्याचा हात वरच राहिला.

मग पोरानं पाऊल उचललं. अनवाणी. राखेवर ठेवलं.

खट.

दुसरं.

खट.

लोखंडाचा आवाज. ओल्या राखेवर, सहा वर्षांच्या उघड्या पायातून.

खट... खट... खट...

पोर चालत होतं. नाचत नव्हतं, चालत होतं. छाती पुढं, हात ताठ. कडूबांपुढं जाऊन टाचा जुळवल्या. खट्ट.

"कडू," सोपान म्हणाला. आवाज पोराचाच होता. म्हणूनच तो ऐकवेना. "मी आलो. दार उघड."

मनकर्णाबाईंच्या हातातला तांब्या पडला.

कडूबांचा चेहरा राखेसारखा झाला. ओठ हलले. मग ते वळले... होळीची लाकडं फोडून भिंतीला टेकवलेली कुऱ्हाड... कुणाला काही कळायच्या आत ती त्यांच्या हातात होती.

"किती डाव मारू तुला?" ते म्हणाले. ओरडले नाहीत. विचारल्यासारखं म्हणाले. "कवटी फोडली. गळा चिरला. आडात टाकला, वरून धोंडे टाकले. आजून किती डाव?"

कुऱ्हाड वर गेली. पोराच्या डोक्यावर.

आशा मधे पडली.

घाव तिच्या दंडात बसला. हाडापर्यंत. रक्त सोपानच्या फेट्यावर उडालं. ती पोराला पोटाखाली घेऊन राखेत पडली. बद्रीनाथ धावला, बापानं त्याला दांड्यानं तोंडावर हाणलं. दात पडले. कुऱ्हाड पुन्हा वर गेली...

आणि वरच राहिली.

कडूबा ती खाली ओढत होते. दोन्ही हातांनी. येत नव्हती. वर कुणी नव्हतं. नुसता चंद्र.

मग त्यांचं मनगट मोडलं. सगळ्यांनी ऐकलं. वाळली फाटी मोडावी तसं. मग दुसरं.

कुऱ्हाड खाली पडली. कडूबा मागं सरकले. सरकले नाहीत... ओढले गेले. टाचा जमिनीत रुतल्या होत्या, तरी मागं. घराच्या कडेनं. विहिरीकडं. ते बोंबलत नव्हते. गळा आवळल्यासारखा नुसता घरघर आवाज. बरोबर दुसरा आवाज.

खट... खट... खट...

कुणी मागं गेलं नाही. मी असतो तर मीही गेलो नसतो.

फरशी फुटल्याचा आवाज आला. मग खोल काहीतरी आपटलं.

मग काही नाही.

आशाला कुणीतरी जीपमधून घाटीच्या दवाखान्यात नेलं. दंडाला टाके पडले. भुलीतही ती एकच बडबडत होती, सोपान कुठंय. सोपानला काही झालं नव्हतं. खरचटलंही नव्हतं. त्याला काही आठवतही नव्हतं. मनकर्णाबाई त्याला आतल्या खोलीत घेऊन निजल्या होत्या.

उजाडायच्या आधी गावातल्या माणसांनी दोर सोडले. विहीर कोरडी होती. कडूबा तळाशी, डोकं धोंड्यावर फुटलेलं, मान पाठीकडं फिरलेली. त्यांच्या खाली हाडं. जुनी. कवटीला कुऱ्हाडीची खाच. शेजारी गंजलेली ट्रंक, आत रेशमी कापड. हात लावताच त्याचा भुगा झाला. पोलीस आले, पंचनामा झाला, सगळं वर काढलं, गाळसुद्धा चाळला. बूट मिळाले नाहीत.

आशा सकाळी घरी आली, हात गळ्यात बांधलेला. कुणाला न जुमानता थेट आत जायला निघाली, पोराला बघायला. उंबऱ्यातच थांबली.

घरात काळी शहाबादी फरशी होती. तिच्यावर राखेचे ठसे. बुटाचे. टाचेला नालेचा आकार, पुढं खिळ्यांचे टिपके. मागच्या दारातून आत आलेले. चुलीजवळून, देवघरावरून न थांबता, सरळ आतल्या खोलीकडं.

ती भिंतीला धरून एकेका ठशाच्या कडेनं गेली.

खोलीच्या दारात शेवटची जोडी होती. ती वळलेली होती. टाचा खोलीकडं, बोटं बाहेर. पोराकडं पाठ, भाईर तोंड.

आत सोपान झोपला होता, मनकर्णाबाईंच्या कुशीत.

आणि त्या जोडीच्या पुढं, बाहेर जाणारा, एकही ठसा नव्हता.