अस्सल आहे, म्हणाली होतीस

मार्चमध्ये ग्वांगझौच्या भिंतींना घाम फुटतो. आरसे धुरकटतात, कपडे वाळता वाळत नाहीत आणि जुन्या बाजारातल्या फरशीवर भलेभले घसरतात. त्या सकाळी गेमवाल्या गल्लीत एक उंच तरुण असाच धपकन पडला. त्याच्या हातातली गेमची करडी कॅसेट सुळकन सरकत गेम दुरुस्त करणाऱ्या होइलामच्या टेबलाखाली शिरली आणि थेट तिच्या चपलेपाशी येऊन थांबली.

"लागलं का हो?" तिने वाकून विचारलं.

"माझं सोडा, तिला काही लागलं का ते बघा!" तो बसल्या जागेवरूनच म्हणाला. चष्म्यावर वाफ धरली होती, त्यामुळे तो तिच्याऐवजी खांबाकडे बघून बोलत होता.

शेजारचा घड्याळवाला साम काका खो खो हसला. "अरे देखण्या, आमच्या सुंदरीपुढे लोटांगण कशाला घालतोस? साधं बोललास तरी ऐकते ती!"

या शहरात प्रत्येक बाई सुंदरी आणि प्रत्येक पुरुष देखणा. मासळीवाली तर ऐंशीच्या म्हातारीलाही सुंदरी म्हणून हाक मारते, त्यामुळे त्या शब्दाने कुणी लाजत नाही. होइलामही आजवर कधी लाजली नव्हती. आज मात्र तिचे कान उगाचच गरम झाले.

तिने कॅसेट उचलली आणि सवयीने उलटी केली. तिच्या मामाने हा धंदा सांभाळता सांभाळता तिला एकच विद्या शिकवली होती, अस्सल आणि नकली ओळखायची. अस्सल कॅसेटचा स्क्रू साध्या पेचकसाला दाद देत नाही आणि तिच्या नावाच्या चिकटपट्टीवर दोन बारीक आकडे दाबून उमटवलेले असतात. इथे स्क्रू साधा होता आणि चिकटपट्टी गुळगुळीत. नकली! एका नजरेत कळलं तिला.

"बाबांनी हाँगकाँगहून आणली होती," तो चष्मा पुसत म्हणाला. "मी नऊ वर्षांचा होतो. आख्ख्या चाळीत अस्सल कॅसेट फक्त माझ्याकडे! बाकी सगळ्यांकडे नकली. बाबा... या थंडीत गेले. सगळे म्हणतात, या गल्लीत तुमचा शब्द म्हणजे शिक्का. म्हणून म्हटलं, एकदा विचारावं."

आता चष्मा पुसून झाला होता आणि तो खरोखरच तिच्याकडे बघत होता. होइलामने आजवर कितीतरी जणांना तोंडावर 'नकली' म्हणून सांगितलं होतं. भांडलेल्यांनाही, रडलेल्यांनाही.

"अस्सल आहे," ती म्हणाली.

तो असा काही हसला, की तिला आपण काय बोलून बसलो हे कळायलाही वेळ लागला.

त्याचं नाव किट्योंग. तो जवळच्या शाळेत भूगोल शिकवायचा. पुढच्या शनिवारी तो बंद पडलेला रिमोट घेऊन आला, त्याच्या पुढच्या शनिवारीही तोच रिमोट.

"हा मागच्या आठवड्यात नीट करून दिला होता मी!"

"हो ना. फारच छान केला होतात. पुन्हा बिघडवायला मला तीन दिवस लागले."

"मास्तर असून खोड्या करता?"

"मग काय करू? कारण नसताना आलो तर साम काका छळतात."

"कारण घेऊन आलास तरी छळणारच!" साम काका घड्याळातून डोकं न काढता ओरडला.

ती हसायची, लिचीचं सरबत त्याच्यापुढे सरकवायची. तो मुलांनी परीक्षेत काय काय लिहिलं ते सांगायचा. शनिवार कधी येतो असं तिला व्हायचं. पण त्याच्या शर्टाच्या खिशात ती करडी कॅसेट असायची, आणि तिचं खोटंही.

चौथ्या शनिवारी तो धावतच आला. "होइलाम! वस्तीच्या सभागृहात जुन्या गेमचं प्रदर्शन आहे. बाबांची कॅसेट घेतायत! मी सांगितलं, होइलामने अस्सल म्हटलंय. ते म्हणाले, मग प्रश्नच नाही. उद्या दुपारी सगळ्यांसमोर उघडून दाखवणार आहेत. आई पण येतेय."

तिच्या हातातला पेचकस खाली पडला. उद्या झाकण उघडलं की तिचा शब्द जाणार होता. तो गेला तर गेला. पण त्याच्या आईसमोर, आख्ख्या वस्तीसमोर त्याचे बाबा खोटे ठरणार होते. आणि हा... हा पुन्हा तिच्याकडे बघेल का?

"उद्या सकाळी माझ्याबरोबर चहाला येशील?" तिने विचारलं.

"येशील?" तो मिस्कीलपणे म्हणाला. "मागच्या शनिवारपर्यंत 'याल' होतं."

त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद तिला बघवेना.

रविवारी चहागृह गजबजलं होतं. टेबलावर कोळंबीच्या मोदकांसारख्या वड्यांची टोपली वाफाळत होती. होइलामने गरम चहाने दोघांचे पेले विसळले, मग ती उभी राहिली आणि दोन्ही हातांनी त्याच्या पेल्यात चहा ओतला. किट्योंगचं हसू मावळलं. उभं राहून, दोन्ही हातांनी चहा कशासाठी देतात हे इथे लहान पोरालाही माहीत असतं. समोरचा तो प्यायला, तर माफी मिळाली.

"काय झालं?"

"कॅसेट नकली आहे. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी खोटं बोलले."

त्याने पेल्याला हात लावला नाही.

"म्हणजे बाबाही खोटं बोलले."

"कदाचित त्यांनाच कुणी फसवलं असेल..."

"उघड." त्याने कॅसेट तिच्यापुढे ठेवली. "तिथे सगळ्यांसमोर नको. इथेच उघड."

तिने पर्समधून पेचकस काढला. झाकण निघालं. अस्सल कॅसेटमध्ये नीट छापलेली चिप असते. इथे होता काळ्या डिंकाचा गोळा, बाळाच्या गालावर लावलेल्या तिटेसारखा. किट्योंगने मान फिरवली.

पण होइलाम बघतच राहिली. गोळ्याशेजारी चपटी बॅटरी होती, चकचकीत, नवी. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरी पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर पेनाने चार तारखा लिहिल्या होत्या.

"किट्योंग, तुझे बाबा काय करायचे?"

"रेडिओ दुरुस्ती. का?"

"हे अक्षर त्यांचं आहे?"

त्याने पट्टी पाहिली. शेवटची तारीख गेल्या सप्टेंबरची होती. "तेव्हा तर... त्यांना धड बसताही येत नव्हतं."

"तू खेळत खेळत जिथवर पोचलास, ते सगळं या बॅटरीवर टिकून असतं," ती हळूच म्हणाली. "बॅटरी संपली की पुसलं जातं. नुसती बदलली तरी पुसलं जातं. हे बघ, इथे सोल्डरचा डाग दिल्याच्या जादा खुणा आहेत. त्यांनी दर वेळी आधी दुसरी बॅटरी बाहेरून जोडली आणि मगच जुनी काढली. एक क्षणही खंड पडू दिला नाही. चार वेळा!"

"आणि उघडल्यावर त्यांना..."

"पहिल्यांदा उघडली तेव्हाच कळलं असणार. रेडिओवाले होते ते. त्यांनी गुपचूप झाकण लावलं आणि तुला 'अस्सल' म्हणत राहिले."

किट्योंगच्या डोळ्यांत पाणी तरळलं, आणि तो चक्क हसायला लागला. "मी नऊ वर्षांचा असताना तिसऱ्या किल्ल्यात अडकलो होतो. म्हणजे अजून मी तिथेच उभा आहे?"

"तिथेच. दाराशी."

"बाबांनी का केलं ते कळलं." त्याने चष्मा काढून ठेवला. "तू का खोटं बोललीस?"

ती प्रदर्शनात कॅसेटजवळ ठेवायची चिठ्ठी लिहू लागली, म्हणजे त्याच्याकडे बघावं लागू नये. नकली कॅसेट. मालकाच्या वडिलांनी चार वेळा बॅटरी बदलून जपलेली. तपासणी, होइलाम. मग पेन ठेवून ती म्हणाली, "कारण तू आवडलास मला. फरशीवर बसलेला असतानाच. आणि हे मी उघडून, नीट तपासून सांगतेय."

पेल्यातला चहा केव्हाच गार झाला होता. "थांब, दुसरा ओतते," म्हणत तिने किटलीकडे हात नेला.

किट्योंगने तो गार पेला उचलला आणि एका घोटात रिकामा केला. "आता ओत," तो म्हणाला.

तिने ओतला. कुणी चहा ओतला की दोन बोटं टेबलावर हलकेच टेकवून आभार मानतात इथे. किट्योंगने बोटं टेकवली, पण टेबलावर नाही. किटलीवर असलेल्या तिच्या हातावर. एकदा, दोनदा... आणि मग ती तिथेच राहू दिली.

"चल," थोड्या वेळाने तो म्हणाला, "आई सभागृहात वाट बघत असेल. तिला दोन्ही गोष्टी सांगायच्यात. बाबांची आणि आपली."