वीस मिनिटांचं काम

कॉम्प्युटरचं मोठं दुकान बंद होतं, म्हणून ती शेजारच्या दुरुस्तीच्या चिंचोळ्या दुकानात शिरली. नाहीतर तिची आणि तिथल्या दुरुस्तीवाल्याची गाठ पडायचं काही कारणच नव्हतं! तलावावर मुलांना पोहायला शिकवून ती थेट आली होती. केस ओले, खांद्यावर दहा वर्षांचा लॅपटॉप.

“यावर व्हिडिओ एडिटिंगचं कुठलं सॉफ्टवेअर चालेल? आणि ‘नवा घ्या’ म्हणू नका, तीन ठिकाणी ऐकून आलेय.”

“मी कुठे काय म्हणालो?” दुरुस्तीवाला हसला. “करायचंय काय?”

तिचे बाबा छत्तीस वर्षं बस चालवून शनिवारी निवृत्त होणार होते. सहकाऱ्यांनी मोबाइलवर निरोपाचे व्हिडिओ पाठवले होते. ते जोडून, स्वतःच्या हातांनी फिल्म करून, संध्याकाळी पाचच्या समारंभात तिला बाबांना चकित करायचं होतं.

पहिलं सॉफ्टवेअर उघडलंच नाही. दुसरं उघडलं, पण लॅपटॉपचा पंखा असा घरघरला की दोघांनी दचकून हात मागे घेतले.

“उडणार वाटतं,” ती म्हणाली.

“बसा मग... खिडकीची जागा तुमची.”

तिसरं साधं, हलकं, फुकटचं निघालं. त्यात एक सोय होती. व्हिडिओंच्या छोट्या, अंधुक नकला करायच्या, कापाकापी त्यांवर करायची आणि शेवटी फिल्म बाहेर काढताना मूळ व्हिडिओ जोडायचे. लॅपटॉप निमूट चालू लागला. आता घरी बसूनही काम झालं असतं, पण ती रोज दुपारी दुकानात हजर! अडलं तर विचारायला कुणी हवं, असं तिनं आईला सांगितलं. आई नुसतं “हं” म्हणाली.

शनिवारी दुपारी तीन वाजता फिल्म तयार झाली आणि तिनं ती लावून पाहिली. सगळे चेहरे अंधुक. मूळ व्हिडिओ जोडायचं काम दुरुस्तीवाल्याचं होतं, तेच राहून गेलं होतं.

“लक्ष कुठे होतं तुमचं?”

“तुमच्याकडे...” तो बोलून गेला आणि त्याचे कान लाल झाले.

“पुन्हा काढायला किती वेळ?”

“यावर? तीन तास.”

तिचे डोळे भरून आले. तो क्षणभर घुटमळला. मग त्यानं कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरचं कापड ओढलं, तिच्या फाइल्स त्यावर घेतल्या आणि मूळ व्हिडिओ जोडले. पडद्यावर आकडा आला – वीस मिनिटं.

“हा इथेच होता? आठवडाभर?”

“हो.”

“मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?”

तो पडद्याकडेच बघत राहिला. “एकाच दुपारी काम उरकलं असतं. मग तुम्ही परत कशाला आला असता?... चुकलंच माझं. तुमच्या बाबांचा दिवस पणाला लावला मी.”

तिला राग आला, अगदी खरा. पण त्याच्या दुप्पट आनंद झाला, आणि तो काही केल्या लपेना. वीस मिनिटं ती पडद्यावरचा आकडा उतरताना बघत बसली, उठून गेली नाही. फिल्म झाली. प्रत्येक चेहरा स्वच्छ दिसत होता. पेनड्राइव्ह मुठीत धरून ती दाराशी गेली, थांबली, वळली.

“शटर ओढ,” ती म्हणाली. “तूही चल. हा कोण म्हणून बाबा विचारतीलच... काय सांगायचं ते वाटेत ठरवू.”