पेटी भरली आहे

पडद्यावर चार पत्ते उमटले आणि चारही पत्त्यांपुढे एकच शब्द आला: 'वैध'.

"जिवंत आहेत!" शर्मिष्ठा ओगले ओरडलीच.

चंद्रावरच्या अनुराधा तळावर चार माणसं होती. त्यांतला हृषीकेश तिचा नवरा. चंद्रकंपात तळाची वीज गेली, मुख्य अँटेना मोडला आणि बोलणं तुटलं. भुयारातला ईमेल सर्व्हर तेवढा स्वतःच्या बॅटरीवर आणि छोट्या अँटेनावर चालू होता. शर्मिष्ठा त्यावर पत्रं पाठवत राहिली होती. उत्तर एकाचंही नव्हतं. मग तिला तळाचा नियम आठवला. प्रत्येकाच्या मनगटावरचा नाडीपट्टा सर्व्हरला जोडलेला असे, आणि नाडी थांबली की त्या माणसाची टपालपेटी सर्व्हरवरून कायमची पुसली जाई. म्हणून आज तिने पत्तापडताळणी केली: ही पेटी अजून आहे का, एवढंच सर्व्हरला विचारलं.

"मग बचावयान उतरवू?" संचालक रझिया पटवेकरांनी विचारलं. चंद्राभोवती घिरट्या घालणाऱ्या त्या यानात दोन वैमानिक होते आणि इंधन एकदाच उतरून परतण्यापुरतं. खात्रीशिवाय त्यांना त्या ढासळत्या जमिनीवर पाठवायला त्या तयार नव्हत्या.

"थांबा," हा सर्व्हर बांधणारे फ्रान्सिस डाबरे म्हणाले. त्यांनी पत्त्याच्या जागी 'कोथिंबीर' असं लिहिलं.

उत्तर आलं: 'वैध'.

"वीज गेली की हा सर्व्हर सर्वग्राही होतो. एकही पत्र परत जाऊ नये म्हणून येईल त्या नावाला हो म्हणतो. या 'वैध'ला काही अर्थ नाही, शर्मिष्ठाताई."

"हे बंद कसं करायचं?" तिने विचारलं.

"सर्व्हरच्या पाठीमागे खटका आहे. तो हातानेच ओढावा लागतो. इथून काही करता येत नाही."

तिथे कुणी तो ओढलाच तर कळावं म्हणून दुपारभर ती सर्व्हरला कोथिंबिरीचाच पत्ता विचारत राहिली. पटवेकर यानाला परत बोलवायच्या बेतात होत्या, तेवढ्यात पडद्यावर लाल ओळ आली: 'त्रुटी. असा पत्ता नाही.'

डाबरे ताडकन उठले. "कुणीतरी खटका ओढला! आता खरी नावं विचारा!"

पहिलं वैध. दुसरं वैध. तिसरंही. हृषीकेशच्या नावापुढे मात्र लाल अक्षरं उमटली: 'त्रुटी. पत्र स्वीकारता येत नाही.'

शर्मिष्ठाने डोळे मिटून घेतले.

"अहो, खालचं कारण वाचा," डाबरे म्हणाले. "'पेटी भरली आहे.' नसलेली पेटी भरेल कशी? एवढं काय पाठवलंत त्यांना?"

"छकुलीचे व्हिडिओ," ती रडता रडता हसली. "रांगायला लागलीय ना."

पटवेकरांनी माइक ओढला. "यान उतरवा. चौघंही आहेत."

भुयारातली दरड चौघांनी हातांनी उपसली होती, तेव्हा कुठे तो खटका हाताशी आला होता; पृथ्वीला खूण करायला तेवढाच मार्ग उरला होता. परतीच्या यानातून हृषीकेशचा आवाज आला, घोगरा, पण त्याचाच.

"माझी पेटी तू भरलीस म्हणे. पण तिथे पडदाच नव्हता गं, एकही पत्र वाचता आलं नाही. आता सगळं पहिल्यापासून सांग."