एकाहत्तरचा डूल

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. नाही पटलं तर सोडून द्या. पण बोस्तेरीच्या किनाऱ्यावर कुणालाही विचारा, साल्तानातची, म्हणजे माझी, धाकटी बहीण कुठे गेली.

लोक मान खाली घालतील.

तीन वर्षं झाली. सप्टेंबरचा शेवटचा शुक्रवार होता. सकाळचे सात वाजले असतील.

माझं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. उन्हाळ्यात इसिक-कुल सरोवराच्या काठावर माणसांची जत्रा लोटते. पाण्यात उतरली की गारठ्याने बोटं आकसतात आणि अंगठ्या गळतात. मग रडत माझ्याकडे येतात. माझ्याकडे धातू शोधायचं यंत्र आहे. लांब दांडा, खाली तबकडी, कानाला हेडफोन. तबकडीखाली धातू आला की यंत्र कुईं करतं आणि आकडा दाखवतं. बाटलीच्या बुचाचा आकडा वेगळा, सोन्याचा वेगळा, चांदीचा वेगळा. जोडीतलं एक हरवलं असेल तर मी दुसरं मागून घेते, वाळूत ठेवते, त्याचा आकडा बघते. मग तोच आकडा शोधत फिरायचं.

दोनशेच्या वर वस्तू काढून दिल्यात मी. सगळ्या परक्यांच्या.

घरच्या माणसाची वेळ आली तेव्हा मात्र घात झाला.

बेगायम माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. मीच तिला न्हाऊमाखू घातलं, मीच धपाटे घातले, मीच कुशीत घेऊन झोपवलं. तिची एक सोयरीक आधी मोडली होती. तेव्हा गावाने तोंडसुख घेतलं ते घेतलंच. मग तिलेक भेटला. ट्रक चालवतो. हसरा पोरगा. त्याची आई सायराकान घरी आली आणि तिने स्वतःच्या हाताने बेगायमच्या कानांत चांदीचे डूल घातले. पोवळ्याचा मणी, खाली बारीक साखळ्या. तीन पिढ्यांचे.

आमच्यात मुलाच्या आईने डूल घातले की ठरलं. त्या घटकेपासून पोरगी त्या घरची. लग्नापर्यंत ते कानातून उतरवत नाहीत.

शुक्रवारी दुपारी सगळं सासर जेवायला येणार होतं.

आणि गुरुवारी दुपारी बाईसाहेब मैत्रिणींबरोबर पोहायला गेल्या.

"एजे..."

दारातून हाक आली. आमच्यात मोठ्या बहिणीला एजे म्हणतात. मी वळून बघितलं. तिचा हात उजव्या कानावर होता, आणि चेहरा पांढराफटक.

"पोहायला? डूल घालून? अक्कल काय गहाण टाकलीस?"

"काढायचे नाहीत असं तूच म्हणालीस."

"मग पाण्यात जाऊ नकोस हेही सांगायला हवं होतं का, बये?"

ती मटकन खाली बसली. "एजे, परत मोडणार गं. या वेळी मी मरेन."

"मरतेस कशाला? मी काय मेलेय? ऊठ. दुसरा डूल दे."

तो वाळूत ठेवला. वरून तबकडी फिरवली.

बहात्तर.

अंधार पडेपर्यंत आम्ही शोधलं. दोरी बांधून पट्टे आखले, एकेक पट्टा विंचरून काढला. बुचं निघाली. तंबूच्या खुंट्या निघाल्या. जुनी रशियन नाणी निघाली. बहात्तर काही लागेना.

त्या गडबडीत एक गोष्ट राहून गेली. दर गुरुवारी संध्याकाळी मी बोर्सोक तळते, पिठाचे चौकोनी तुकडे, फुगेपर्यंत. तापल्या तेलाचा वास गेलेल्या माणसांपर्यंत पोचतो. त्या वासावर त्यांचं पोट भरतं. आईसाठी मी एकही गुरुवार चुकवला नव्हता.

तो चुकला.

शुक्रवारी उजाडताच आम्ही परत किनाऱ्यावर. हवा कडक गार होती आणि पाणी त्याहून ऊबदार, त्यामुळे सरोवरावर वाफ उठली होती. चार पावलांपुढचं दिसत नव्हतं. बेगायम काठावर घोंगडं पांघरून बसली होती. मी रबरी विजार चढवून मांडीएवढ्या पाण्यात.

पाच तास उरले होते.

परक्या बायका माझ्या गळ्यात पडून रडल्यात, "तुझ्या हाताला यश आहे" म्हणाल्यात. कुठे गेलं ते यश? मी मनात कुणाकुणाची विनवणी केली नसेल! आईची केली. खुदाची केली. आज एवढं एक दे, परत कधी काही मागणार नाही, असं म्हटलं.

आणि मग...

हेडफोन गप्प झाले.

बुचं नाहीत. खिळे नाहीत. नेहमीची बारीक खरखर असते, तीसुद्धा नाही. बॅटरी गेली असेल म्हणून बघितलं. भरलेली होती.

"काय शोधतेस, बाळ?"

मी दचकले. वाफेत एक म्हातारी उभी होती. माझ्यापेक्षा आत, कमरेएवढ्या पाण्यात. डोक्याला पांढरं शुभ्र गुंडाळलेलं. आमच्या म्हाताऱ्या गुडघेदुखीसाठी पहाटे पाण्यात उभ्या राहतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

फक्त एक गोष्ट डोळ्याला खुपली.

तिच्याभोवती पाणी हलत नव्हतं...

"बहिणीचा डूल पडलाय, आपा," मी म्हटलं. आजीच्या वयाच्या बाईला आम्ही आपा म्हणतो. "सासूने घातलेला."

"अगंबाई! मग शोधायलाच हवा. पोरगी कशी आहे?"

"सोन्यासारखी."

"बोर्सोक तळता येतात?"

मला हसू आलं. रडायच्या घाईत असतानाही आलं. "येतात की. माझ्यापेक्षा हलके होतात तिचे. मीच शिकवलंय."

"उलट उत्तरं देते?"

"मला देते. सासूला नाही देणार."

"पहाटे उठते?"

"उठवावं लागतं," मी म्हटलं. "पण उठली की घर आरशासारखं ठेवते."

म्हातारीने मान डोलावली. मग पाण्याकडे बोट केलं. "इथे बघ."

मी दोन पावलं आत गेले. तबकडी खाली नेली.

कुईं...

एकाहत्तर.

एका आकड्याचा फरक काहीच नसतो. ओल्या वाळूत होतो तेवढा. मी जाळीचं फावडं मारलं, वाळू गाळली, आणि जाळीत डूल! तेच पोवळं, त्याच साखळ्या. मी ओरडलेच.

पण तो काळा पडला होता.

पार काळा. एका रात्रीत चांदी एवढी काळी पडत नाही. वीस वर्षं हेच करतेय मी, मला ठाऊक नाही का? दिसलं मला. खोटं कशाला बोलू? दिसलं, आणि मी डोळेझाक केली. त्या क्षणी मला दुसरं काही नकोच होतं.

"आपा, तुमचे पांग कसे फेडू? काय देऊ तुम्हाला?"

"मला काय द्यायचंय? हातात देऊ नकोस तिच्या. तूच कानात घाल. मला काठावर येववत नाही." ती हसली. "पोरगी मला आवडली."

आणि मी म्हणाले...

सोयरिकीच्या बोलण्यात मुलीकडचे म्हणतात तेच म्हणाले. तोंडात बसलेलं वाक्य. त्या बाईने मला मोठ्या संकटातून सोडवलं होतं, मग गोड बोलायला माझं काय जात होतं?

"तुमचीच समजा, आपा."

मान वर केली तर समोर नुसती वाफ होती.

हेडफोनमध्ये खरखर परत सुरू झाली.

काठावर येऊन मी तो डूल वाळूने आणि राखेने घासघासून लख्ख केला, आणि स्वतःच्या हाताने बेगायमच्या उजव्या कानात घातला. ती शहारली.

"एजे, किती गार आहे गं."

"पाण्यातून काढलाय, गरम कसा असेल? नखरे नकोत. चल, मेंढी शिजवायची आहे."

तिने माझ्या गळ्याला मिठी मारली. तिचे केस ओले होते. पाण्यात तर मी उतरले होते, ती नव्हती... पण हे मला नंतर आठवलं.

दुपारी माणसं आली. सायराकानने सुनेची हनुवटी धरून दोन्ही डूल निरखले आणि समाधानाने पापा घेतला. माझा जीव भांड्यात पडला. तिलेक थट्टा करत होता, "साल्ता एजे, लग्नानंतर माझी अक्कल हरवली तर शोधून द्याल ना?" मी म्हटलं, "आधी असायला लागते, बाबा." सगळे खदखदून हसले.

बेगायम हसली नाही. ती खिडकीशी बसून पाण्याकडे बघत होती.

"काय झालं गं?"

"कोणीतरी हाक मारतंय, एजे."

"कोण?"

"कळत नाही. सूनबाई म्हणतंय."

"सायराकान म्हणाल्या असतील."



ऊन उतरायला लागलं तेव्हा फोन वाजला. बेगायमची मैत्रीण. आवाजात आनंद मावत नव्हता.

"साल्ता एजे, डूल सापडला! माझ्या टॉवेलच्या घडीत अडकला होता. पाण्यात पडलाच नव्हता. लगेच घेऊन येते!"



मग तिच्या कानात... कुणाचा?

मी खिडकीकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं.

परसात नव्हती. चुलीपाशी नव्हती. दाराशी पाहुण्यांचे सगळे जोडे होते आणि बेगायमचेही होते. ट्रंक उघडी होती. लग्नात सासू सुनेच्या डोक्यावर बांधते तो पांढरा रुमाल तिच्यात नव्हता.

मी यंत्र उचललं आणि धावले. यंत्रच का उचललं, सांगता येत नाही. हाताला तीच सवय.

किनाऱ्यावर अनवाणी पावलं उमटली होती. एकटीची. सरळ पाण्यात गेलेली. परत आलेली नव्हती.

"बेगायम!"

पाणी काचेसारखं स्थिर. वाफ नाही, वारा नाही, कुणी नाही.

मी कपड्यांनिशी आत शिरले. हेडफोन कानावर, तबकडी पाण्याखाली.

कुईं... एकाहत्तर.

तिथे हात घातला. वाळू.

कुईं... आणखी आत. हात घातला. वाळू.

ते सरकत होतं. माणूस सावकाश चालतो ना, तेवढ्या वेगाने माझ्यापुढे सरकत होतं. मी मागे. कमरेपर्यंत, छातीपर्यंत. "आपा, ती तुमची नाही! मी उगाच म्हटलं! बोलायची रीत आहे म्हणून म्हटलं!" मी घसा फाटेपर्यंत ओरडत होते. "मला न्या! मला बोर्सोक येतात, मी पहाटे उठते, मला न्या!"

पाणी हनुवटीला लागलं. मग नाकात गेलं.

पाण्याखाली कानात एकच आवाज आला. बेगायमचाच. शांत, मऊ.

"एजे, परत जा. सासूबाई रागावतील."

तिलेकने मला केसांना धरून बाहेर ओढलं असं म्हणतात. मला आठवत नाही.

नऊ दिवस पाणबुडे शोधत होते. काही मिळालं नाही. साधी साखळीची कडीसुद्धा नाही. सायराकानने माझ्यावर एका शब्दाने ठपका ठेवला नाही, उलट माझ्याशेजारी वाळूत बसून रडली. शेजारच्या म्हाताऱ्याने नंतर सांगितलं की फार पूर्वी पलीकडच्या काठावरून एक बाई होडीने सुनेला डूल घालायला निघाली होती, आणि होडी काही पोचली नाही. खरं-खोटं त्यालाच माहीत.

खरा डूल माझ्याकडे आहे. रोज सकाळी मी तो वाळूत ठेवते, बहात्तर बघते, आणि पाण्यात उतरून एकाहत्तर शोधते. तो डूल हाती लागला तर त्या म्हातारीचा तिला परत देईन. परत दिला की सोयरीक मोडते. आमच्यात तशीच रीत आहे. परक्यांची कामं मी आता घेत नाही.

दर गुरुवारी बोर्सोक तळते. आईसाठी. बेगायमचं नाव घेत नाही, कारण गेलेल्यांसाठीच तळतात, आणि ती गेली असं मी मानत नाही.

मागच्या गुरुवारी मला ताप होता. चूल पेटलीच नाही.

शुक्रवारी पहाटे तशीच फणफणत काठावर गेले. वाफ उठली होती. हेडफोन गप्प झाले...

आणि वास आला. तापल्या तेलाचा. बोर्सोकचा. दूध जास्त घातलेलं पीठ, जसं मी तिला शिकवलं होतं तसंच.

घराकडून नाही. पाण्याकडून.

तिथे ती कुणासाठी तळत होती?

मी तिथेच उभी राहून तो वास पोटभर घेतला. दोन दिवस तोंडात अन्नाचा कण गेला नव्हता माझ्या.

त्यानंतर आज सहावा दिवस आहे. मला अजून भूक लागलेली नाही.